उलट्या तोंडाचं साळिंदर

टेलरमास्तरांचं स्वतःबद्दलचं मत फारसं चांगलं नव्हतं आणि ते मत ते कुणापासून लपवूनही ठेवत नसत. "आमच्या घराण्यात अक्कल होती, पण ती थोरल्या भावापर्यंत येऊन संपली," असं ते नव्या गिऱ्हाइकालाही माप घेता घेता सांगत. चुकलेल्या बाह्या, आखूड झालेल्या विजारी, बायकोच्या मावशीला दिलेला एकाच बाजूला खिसे असलेला झगा, सगळ्याची जाहिरात ते स्वतःच करत. एक गोष्ट मात्र एक्केचाळीस वर्षांत त्यांच्या तोंडून बाहेर पडली नव्हती. आणि नेमकी तीच चूक शहाणपण म्हणून पितळी पाटीवर कोरून काचेच्या कपाटाशेजारी लावायला रेजिमेंट निघाली होती.

मास्तर म्हणजे रणगाड्यांच्या रेजिमेंटचे शिंपी. सैनिक नव्हेत. "युद्धात माझंही रक्त सांडलंय, सुई टोचून," असं म्हणायचे. छावणीच्या फाटकाला लागून, सामानाच्या कोठीमागे एक लांबट खोली होती; तीन मशिनं, कापायचं टेबल, इस्त्री आणि एक खिडकी. खिडकीतून रणगाडे धुवायचा हौद दिसायचा. तिथे छत्तीस वर्षं बसून मास्तरांनी गणवेश आल्टर केले, काळ्या टोप्यांची अस्तरं बदलली आणि बिल्ले भरले. टोप्या काळ्या का, तर त्यावर तेलाचे डाग दिसत नाहीत म्हणून. पुढे कुणीतरी त्यालाही शौर्याचं कारण चिकटवलं, पण मास्तरांना डाग माहीत होते.

बिल्ल्यावर साळिंदर होतं. या साळिंदराचा इतिहास रेजिमेंटमधल्या प्रत्येक शिपायाकडून पाठ करून घेतला जाई. फार पूर्वी, रेजिमेंटकडे घोडे होते तेव्हा, एकोणीस स्वार एका टेकडीवर घेरले गेले. त्यांनी घोडे मध्ये घेतले, गोल करून उभे राहिले आणि भाले बाहेर काढले. शत्रूचा सरदार म्हणे दिवसभर भोवती फिरला आणि शेवटी म्हणाला, "साळिंदराला हात कुठे लावायचा?" तेव्हापासून काळ्या कापडावर पिवळ्या दोऱ्याचं साळिंदर, एकोणीस काटे, एक तांबडा डोळा. घोडे गेले, भाले गेले, त्यांच्या जागी चाळीस-चाळीस टनांची धुडं आली, पण साळिंदर हललं नाही. नियम एकच होता. बिल्ला डाव्या दंडावर आणि साळिंदराचं तोंड पुढे, म्हणजे शिपाई चालेल त्या दिशेला. साळिंदर शत्रूकडे बघतं.

त्या वर्षी युद्ध लागलं आणि नऊ दिवसांत सहाशे चाळीस नवे बिल्ले हवेत, असा हुकूम आला. बिल्ला भरायची रीत अशी: तेल लावून पारदर्शक केलेल्या कागदावर चित्र काढायचं, रेषेरेषेवर सुईने भोकं पाडायची, तो खाका कापडावर ठेवून वरून खडूची पूड चोळायची. पूड भोकांतून खाली उतरते, ठिपक्यांचं चित्र उमटतं आणि मग मशीन चालवायची. तेलकट कागद दोन्हीकडून सारखाच दिसतो. म्हणून सुलट बाजू ओळखायला मास्तर खाक्याचा वरचा उजवा कोपरा कापून ठेवत. पद्धत त्यांची स्वतःची होती आणि तिचा त्यांना अभिमान होता. पहिल्याच दिवशी जेवण झाल्यावर दातात काहीतरी अडकलं, हाताशी दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यांनी त्याच खाक्याचा वरचा डावा कोपरा फाडला आणि दात कोरला.

झालं. आता दोन्ही कोपरे सारखे. त्यातून मास्तर सुरुवात करायचे काट्यांपासून. तोंड आणि डोळा शेवटी, घाईघाईत. मदतनीस दोघे होते, ते मास्तरांकडे बघून भरत होते. आंधळ्यामागे आंधळे चालले होते आणि पुढच्या आंधळ्याला आपण वाटाड्या आहोत असं वाटत होतं.

नवव्या दिवशी दुपारी बायको गठ्ठे बांधायला मदतीला आली. दहा-दहाचे चौसष्ट गठ्ठे. शेवटच्या गठ्ठ्यातला एक बिल्ला तिने उचलला, सहज मास्तरांच्या डाव्या दंडाला लावून बघितला आणि म्हणाली, "अहो, सगळे पुढे निघालेत. हे कुठे निघालंय? घरी?"

मास्तरांनी आरशात बघितलं. मग आरसा उलटं दाखवतो म्हणून बायकोच्या दंडाला लावून बघितलं. मग एकेक गठ्ठा सोडून बघितला. सहाशे चाळीस साळिंदरं पाठ फिरवून पळत होती. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. रेजिमेंट दुसऱ्या दिवशी पहाटे निघणार होती, आणि तेवढ्यात दारात मोठे साहेब उभे. बिल्ले बघायला ते स्वतः आले होते. त्यांनी एक हातात घेतला, फिरवला, दंडाला लावला.

"मास्तर, याचं तोंड मागे का?"

खरं उत्तर चारच शब्दांचं होतं: साहेब, खाका उलटा पडला. ते चार शब्द मास्तरांच्या घशापर्यंत आले आणि तिथेच बसले. नोकरी गेलेली दिसली, फाटक दिसलं, फाटकाबाहेर आपण आणि आपली कात्री दिसली. आणि तोंडातून भलतंच निघालं.

"साहेब, मुद्दाम केलंय. आपलं कुणी मागे राहिलं, तर त्याच्याकडे लक्ष राहावं म्हणून."

मोठे साहेब बराच वेळ बिल्ल्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि बिल्ला मुठीत घेऊन गेले. त्याच संध्याकाळी मैदानावर सहाशे चाळीस माणसांसमोर त्यांनी सांगितलं, "आपलं साळिंदर आता मागे बघतं. जो मागे राहील त्याला घ्यायला आपण परत फिरू." खिडकीआड उभ्या मास्तरांनी ते ऐकलं. वेळ मारून नेली खरी, पण मारलेली वेळ अशी मैदानावर उठून उभी राहील, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

"खोटं बोलायचं तर निदान छोटं बोलावं," बायको म्हणाली. "तुम्ही तर सहाशे चाळीस शिवून ठेवलंत."

यापुढची गोष्ट रेजिमेंटच्या इतिहासात आहे. निघाल्यापासून तिसऱ्या दिवशी लढाईत एका रणगाड्याचा पट्टा ओढ्याच्या पात्रात तुटला. मागे फिरण्याचा हुकूम झाला, धूर दाटला, सगळे फिरले, आणि त्या धुरात एकच रणगाडा उलट वळून ओढ्यापर्यंत गेला आणि अडकलेल्या तिघांना घेऊन आला. तो चालवत होता मास्तरांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट रणगाड्याच्या झाकणात सापडून गेली आणि डाव्या कानाने ऐकू येणं कायमचं थांबलं. युद्धानंतर साळिंदराचं तोंड कायमचं मागे ठेवायचं ठरलं. मेहुण्याला पदक मिळालं. मास्तरांना मिळालं मानपत्र, "दूरदृष्टीबद्दल". ते बायकोने स्वयंपाकघरात चहा-साखरेच्या डब्यांवर टांगलं आणि साखरेत मीठ पडलं की त्याकडे बोट दाखवायला सुरुवात केली.

मास्तर स्वतःला हसण्यात पटाईत होते, पण त्या मानपत्राला त्यांना हसता येत नसे. अब्रूची भीती नव्हती. "माझी अब्रू मळखाऊ रंगाची आहे, आणखी एका डागाने काय होतंय?" असं ते बायकोला म्हणत. पण मेहुणा घरी यायचा, तीन बोटांत चहाचा कप धरायचा, आणि मास्तरांच्या घशाखाली चहा उतरायचा नाही. माझ्या थापेपायी याची बोटं गेली, एवढंच डोक्यात यायचं. भित्र्या शिंप्याने नोकरी वाचवायला एक वाक्य फेकलं आणि पोरगा ते खरं मानून आगीत शिरला. हे त्याला कळलं, तर काय राहील त्याच्याकडे? दोन बोटं गेली ती गेलीच, वर कशापायी गेली, तर मास्तरांच्या दातात अडकलेल्या कणापायी! म्हणून मास्तर एक्केचाळीस वर्षं मूग गिळून होते.

आणि आता रेजिमेंटच्या इतिहासाची खोली उघडायची होती. ते काम एका तरुण कॅप्टनबाईंकडे होतं. त्या सोमवारी मास्तरांच्या घरी आल्या आणि टाइप केलेला कागद त्यांनी पुढे केला. पाटीवरचा मजकूर होता: टेलरमास्तरांनी दूरदृष्टीने साळिंदराचे मुख मागे वळविले, आणि त्या चिन्हाने प्रेरित होऊन, वगैरे.

"वाचून सही करा, म्हणजे कोरायला देते."

"चष्मा सापडला की करतो," मास्तर म्हणाले. चष्मा नाकावरच होता. कॅप्टनबाई सभ्य होत्या. त्या म्हणाल्या, "गुरुवारी तुम्ही आणि तुमचे मेहुणे, दोघेही खोलीवरच या. ओढ्यातून आणलेल्या त्या तिघांपैकी एक गनरही यायचे आहेत," आणि गेल्या.

"एक तर सही करा, नाहीतर खरं सांगा," बायको म्हणाली. "मधलं काही करायला जाऊ नका, ते तुम्हाला जमत नाही. आणि सांगायचं तर आधी बाळ्याला सांगा."

बाळ्या म्हणजे पासष्ट वर्षांचा मेहुणा. मोटार शिकवायची शाळा चालवायचा. अंगणात शिकवायची गाडी उभी होती आणि तो तिच्यात बसून शिकाऊ मुलांच्या चुकांची यादी लिहीत होता. मास्तर शेजारी जाऊन बसले. मन घट्ट करून, समोरच्या काचेकडे बघत, त्यांनी खाका, दात, बिल्ले, साहेब, सगळं एका दमात सांगून टाकलं. घाम फुटला होता, पण छाती मोकळी झाली होती.

मेहुण्याने मान वर केली. "काही म्हणालात का, भाऊजी? त्या बाजूने बोलू नका हो, तो कान गेलाय."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. आयुष्यात एकदा खरं बोललो, तेही बहिऱ्या कानात! उतरले, गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले आणि खिडकीत वाकून सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्या खेपेला ते जास्त जड गेलं. "तुझी बोटं माझ्यामुळे गेली रे," शेवटी ते म्हणाले.

मेहुण्याने यादी बाजूला ठेवली.

"भाऊजी, ताईला सांगणार नसाल तर एक सांगतो. मी त्यांना आणायला गेलोच नव्हतो."

"म्हणजे?"

"मी पळत होतो. रणगाड्यात ड्रायव्हरला समोर वीतभर काच असते. त्यात धूर. कानातल्या फोनची वायर निघालेली. वायर निघायच्या आधी मागे फिरायचा हुकूम ऐकला होता, म्हणून मी गाडी वळवली. अर्धी वळवायची होती. भीतीने मी अख्खी वळवली, गोल. आणि सुसाट निघालो, म्हटलं आता थेट छावणी. बघतो तर समोर ओढा! आमचे साहेब वरून ओरडले, शाबास पठ्ठ्या! आता तुम्हीच सांगा, शाबास म्हटल्यावर कोण सांगेल की मी वाट चुकलोय म्हणून?"

"आणि बिल्ला? मागे राहिलेल्याकडे..."

"कसला बिल्ला! चिखलाने भरला होता. दंडावर होता की नव्हता, तेही आठवत नाही."

मास्तरांच्या छातीवरचा एक्केचाळीस वर्षांचा धोंडा उतरला, आणि उतरल्या उतरल्या त्यांना रागच आला. "मी इथे तुझ्या बोटांसाठी झुरतोय, चहा गिळता येत नाही मला, आणि तुला बिल्ला आठवतही नाही?"

मेहुणा हसायला लागला. मग मास्तर हसायला लागले. रेजिमेंटचा एवढा मोठा इतिहास, आणि तो उभा कशावर, तर उलट्या खाक्यावर आणि उलट्या गाडीवर! हसून हसून पुरेवाट झाली, मेहुण्याचा हात भोंग्यावर पडला आणि शेजारच्या बाई बाहेर येऊन बघून गेल्या.

"आता?" डोळे पुसत मेहुणा म्हणाला.

"आता गुरुवारी सांगायचं," मास्तर म्हणाले. "तू नको सांगूस. तुझं पदक आहे. माझं नुसतं मानपत्र आहे, ते साखरेवरून काढलं की झालं."

गुरुवारी इतिहासाच्या खोलीत रंगाचा वास येत होता. भिंतीला घोडेस्वारांचे जुने फोटो टेकवून ठेवले होते, कपाटांना काचा बसायच्या होत्या, आणि टेबलापाशी एक बुटका, टक्कल पडलेला माणूस टोपी मांडीवर घेऊन बसला होता. तोच गनर. मेहुण्याला बघताच तो उठला आणि त्याला त्याने मिठी मारली ती सोडेचना. मग मास्तरांकडे वळला आणि वाकून नमस्कार करायला लागला. मास्तर दोन पावलं मागे सरकले.

"नको, नको. आधी ऐका, मग ठरवा," ते म्हणाले.

आणि उभ्यानेच त्यांनी सगळं सांगितलं. दाताचं सुद्धा. कॅप्टनबाईंचं पेन कागदावर थांबलं. मास्तर थांबताच मेहुणा, ज्याला बोलू नको म्हणून बजावलं होतं, तोही पुढे झाला आणि म्हणाला, "आणि मी वाट चुकलो होतो," आणि त्यानेही सगळं सांगून टाकलं. मास्तरांना गनरकडे बघवेना. हा माणूस एक्केचाळीस वर्षं दोन देव्हारे मनात धरून बसला होता आणि आपण दोघांनी येऊन त्यांचं पार सरपण करून टाकलं.

गनरने खिशातून रुमालाची घडी काढली. आत बिल्ला होता. काळं कापड विटून करडं झालेलं, पण काटे जागच्या जागी होते. तो त्याला कपाटात ठेवायला द्यायचा होता.

"आमची गाडी अडकली," तो सावकाश म्हणाला, "तेव्हा आमचे साहेब म्हणाले, बाहेर पडून पळू या. बाहेर गोळ्या चालल्या होत्या. मी एकवीस वर्षांचा. मी त्यांना दंडावरचा हा दाखवला. म्हटलं, साहेब, थांबू या, आपल्याला न्यायला येतील, मोठ्या साहेबांनी मैदानावर सांगितलंय. म्हणून थांबलो. बाहेर पडलो असतो, तर तिघेही त्या ओढ्यातच राहिलो असतो. मास्तर, तुम्ही थाप मारलीत, बरोबर. मी तिच्यावर विश्वास ठेवला. ते तर खोटं नव्हतं ना?"

गनर मेहुण्याकडे वळला.

"आणि तू. वाट चुकून आलास, कबूल. पण आल्यावर परत फिरता आलं असतं. तोवर माझे पाय भाजले होते, मला चालता येत नव्हतं. तुझ्या पुढचं झाकण उघडून खाली कोण उतरलं? मला ओढत कुणी नेलं? झाकण बंद करताना बोटं कुणाची गेली? तेही चुकून?"

मेहुण्याने तीन बोटांनी मान खाजवली. "आता आलोच होतो..." तो पुटपुटला.

गनर हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे वाहायला लागले. मास्तरांचे तर केव्हाच लागले होते. खिशात रुमाल सापडेना, तेव्हा त्यांनी गळ्यातल्या मापाच्या टेपनेच डोळे पुसले.

कॅप्टनबाईंनी टाइप केलेला कागद फाडला आणि नवा घेतला. "मग मी काय लिहू?"

"झालं तसंच लिहा," गनर म्हणाला. "दोघे चुकले, तिघे वाचले."

त्यांनी तसंच लिहून काढलं, दात वगळून. दाताचंही लिहा, असं मास्तरांचं म्हणणं होतं, पण पितळेचा पत्रा महाग असतो असं कारण मिळालं. कागद सहीसाठी पुढे आला. मास्तरांनी या वेळी चष्मा शोधला नाही. सही केली आणि खाली लिहिलं: पहिली चूक माझी.

मेहुण्याने त्यांच्या हातातून पेन ओढून घेतलं, अंगठा आणि दोन बोटांत नीट धरलं आणि त्याखाली वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं: दुसरी माझी.